शाळेच्या वह्या कोणत्या कागदाच्या घ्याव्यात?

प्रश्न : मी वरोऱ्याला शाळेत शिकवते. यंदा मुलांसाठी रीसायकल्ड कागदाच्या वह्या एकत्र मागवायचा विचार आहे. काही पालक म्हणतात, हा कागद मळकट असतो, शाई फुटते. काही विचारतात, आपल्याकडचं जंगल याने खरंच वाचतं का? काय सांगू?
– एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, वह्या जरूर मागवा. माझी नोकरी कागद कारखान्यात, लगद्याच्या विभागात झाली, म्हणून शाईचं आधी सांगतो. लगद्यात साइझिंग, म्हणजे कागदाने पाणी शोषू नये म्हणून मिसळायचं द्रव्य, कमी पडलं, की कागद पाणी पितो आणि शाई फुटते. मग तो रद्दीचा असो की ताज्या लाकडाचा. वही ६० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खालची घेऊ नका. नमुन्याच्या पानावर शाईच्या पेनने चार ओळी लिहा आणि पान उलटून पाहा. मागे डाग उमटला तर ती वही नको. करडेपणा येतो तो जुन्या छपाईचे कण उरल्यामुळे आणि ब्लीचिंग कमी केल्यामुळे. पांढऱ्याशुभ्र कागदाचा हट्ट आपण सोडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता जंगल. इतक्या वह्या म्हणजे इतकी झाडं, असला हिशेब मुलांना शिकवू नका. कारखान्यांनी लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावं, हे १९८८ च्या वननीतीत आलं आणि आज सुबाभूळ, निलगिरी मुख्यतः शेतातूनच येते. आपल्या भागात जंगलाशी संबंध आला तो बांबूमुळे. चंद्रपूर-गडचिरोलीतून तो वर्षानुवर्षं लगद्यासाठी गेला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून गाव स्वतः बांबू विकू लागलं. किती तोडायचा, किती राखायचा, हे तिथे गाव बसून ठरवतं. शाळेची सहल तिकडे नेता आली तर फार बरं.

रद्दी कामाची आहेच, कारण तिच्यातून निघालेला तंतू तेवढा ताजा लगदा वाचवतो. पण दर फेरीला तंतू आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागद धरत नाही. म्हणून चांगली, कोरडी रद्दी सतत लागते. आपल्याकडे ती ओल्या कचऱ्यात जाते आणि कारखाने परदेशातून रद्दीचे गठ्ठे आणतात! याचं मला नोकरीभर वाईट वाटत आलं.

तेव्हा प्रत्येक वर्गात कागदासाठी एक कोरडं पोतं ठेवा. त्यात दुकानाची गुळगुळीत बिलं, लॅमिनेट केलेले कागद, चहाचे कागदी कप आणि तेलकट पुड्या नकोत. स्टेपलच्या पिना काढत बसू नका, त्या कारखान्यात चाळणीवर निघतात. वह्यांची पांढरी पानं मात्र वर्तमानपत्रांत मिसळू देऊ नका. रद्दीवाला त्यांना वेगळा, जास्त भाव देतो.