कुरणातलं क्लोव्हर पिवळं पडतंय, मातीत निमॅटोड असतील का?

वायकाटोतल्या डेअरी फार्मवर रायग्रास गवत ठणठणीत आहे, पांढरं क्लोव्हर (चाऱ्याची शेंगवर्गीय वनस्पती) मात्र पिवळं पडून विरळ होतंय, असं तुम्ही लिहिलंय. निमॅटोडची, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म सूत्रकृमींची, शक्यता आहे. न्यूझीलंडमध्येच मी चार वर्षं माती तपासणीचं काम केलंय, त्यावरून सांगतो.

मातीत निमॅटोड सापडले एवढ्यानं घाबरू नका. कुरणाच्या एका चौरस मीटरात ते लाखांनी असतात आणि त्यातले कितीतरी जिवाणू नि बुरशी खाऊन जगतात. त्यांच्यामुळे उलट गवताला नत्र मिळतं. पिकाला छळणाऱ्यांच्या तोंडात मुळं टोचायची सुई असते, पण ती सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही.

मुळं तुम्हीच बघा. झाड उपटू नका, बारीक मुळं तुटून मातीत राहतात. फावड्यानं ढेकूळ काढा, बादलीत भिजत घाला, हलक्या हातानं धुवा. अंगठ्यानं चोळल्यावर सुटून येणाऱ्या, आतून गुलाबी गाठी रायझोबियमच्या, म्हणजे हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या, त्या हव्यातच. मूळच फुगलंय आणि गाठ सुटत नाही, तर निमॅटोडचा संशय घ्या. मग भिंग घ्या. मुळाला चिकटलेले, खसखशीहून बारीक, लिंबाच्या आकाराचे पांढरट ठिपके दिसले तर त्या हेटेरोडेरा ट्रायफोली या क्लोव्हरवरच्या निमॅटोडच्या माद्या. मेल्यावर मादीचं अंगच तपकिरी कवच बनतं आणि आतली अंडी वर्षानुवर्षं तग धरतात. हिला प्रजननासाठी नरही लागत नाही, म्हणून एकदा शिरली की हटत नाही.

गाठी पोखरलेल्या दिसल्या तर दोष क्लोव्हरच्या सोंडकिड्याच्या अळीचा असू शकतो. न्यूझीलंडमध्ये ही कीड 1996 मध्ये वायकाटोतच पहिल्यांदा सापडली.

निमॅटोड आवरायला आपल्याकडे टोमॅटोत झेंडू लावतात, कायमच्या कुरणात ते जमत नाही. औषधावर पैसे घालू नका, एवढ्या क्षेत्राला ते परवडत नाही. पॅडक (कुंपण घातलेला कुरणाचा तुकडा) नव्यानं पेरणारच असाल तर आधी एक हंगाम मका घ्या. क्लोव्हर नसलं की या निमॅटोडची उपासमार होते. तो संपत नाही, पण कोवळ्या रोपांना मुळं धरायला वेळ मिळतो, आणि खरं नुकसान त्याच वयात होतं.

तपासणीला नमुना पिवळ्या चट्ट्याच्या मधला नको, कडेचा घ्या. मधली मुळं मेलेली असतात. पिशवी गाडीत उन्हात ठेवू नका. आम्ही निमॅटोड मातीतून पाण्यात उतरवून मोजतो, मेलेला उतरत नाही.