जुन्या कॉम्प्युटरमधलं डेटाबेसचं कनेक्शन कसं शोधायचं?

प्रश्न : नमस्कार दादा, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर हिशेब बघतो. आमचा पट्टी काढायचा प्रोग्रॅम मागच्या खोलीतल्या सर्व्हरवरून डेटा घेतो, आणि ते कनेक्शन ज्या पोरानं जोडून दिलं तो आता पुण्याला गेलाय, फोन उचलत नाही. माझा कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागलाय, मालक म्हणतात नवीन घेऊ, पण नव्यावर सर्व्हरचं नाव काय, डेटाबेसचं नाव काय टाकायचं ते कुणालाच माहीत नाही. कंट्रोल पॅनेलमधून ओडीबीसी, म्हणजे प्रोग्रॅम डेटाबेसला जोडायची विंडोजमधली सोय, उघडून बघितलं तर सिस्टम डीएसएनची यादी रिकामी, पण प्रोग्रॅम तर रोज चालतोय! एकजण म्हणाला पॉवरशेलमधून निघतंय, ते कसं काढायचं? सौद्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत करायचंय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाऊ, पहिलं म्हणजे तो जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करायला कुणाच्या हातात देऊ नका, तुम्हाला पाहिजे ते बहुतेक सगळं त्यातच पडलंय, पुण्याच्या फोनची वाट बघायची गरज नाही.

यादी रिकामी का दिसली ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच होतो. डीएसएन म्हणजे एका नावाखाली साठवलेली कनेक्शनची माहिती, सिस्टमचं डीएसएन सगळ्या लॉगिनना चालतं आणि यूझरचं फक्त त्या एका लॉगिनला. 64 बिट विंडोजमधे सिस्टम डीएसएनच्या दोन वेगवेगळ्या याद्या असतात, एक 64 बिट प्रोग्रॅमसाठी आणि एक 32 बिटसाठी, आणि हिशेबाचे जुने प्रोग्रॅम बरेचदा 32 बिटचे असतात, म्हणजे तुम्ही उघडली ती बहुतेक 64 ची यादी. आता गंमत बघा, सिस्टम32 नावाच्या फोल्डरमधे जे ओडीबीसी आहे ते 64 बिटचं, आणि सिसवाव64 नावाच्या फोल्डरमधे आहे ते 32 बिटचं, वर दोन्हीकडं फाइलचं नाव एकच, ओडीबीसीएडी32. नाव वाचून माणूस हमखास उलट्या दारातनं आत जातो. साताऱ्यात एका पतसंस्थेत मी हे डोळ्यानं बघितलंय, दोन दिवस लोक चुकीच्या यादीत नवीन कनेक्शन बनवत बसले होते आणि काउंटरवर खातेदार ताटकळत होते.

म्हणून पॉवरशेलच बरं, म्हणजे विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी, तिथं दोन्ही याद्या एकदम दिसतात. विंडोज 8 पासून पुढं ही कमांड आहे. पॉवरशेल उघडा आणि इंग्रजी अक्षरांत गेट, हायफन, मग ओडीबीसीडीएसएन असं सगळं जोडून टाइप करा, पुढं स्पेस देऊन हायफन लावून प्लॅटफॉर्म, परत स्पेस आणि ऑल, मग एंटर. प्रत्येक कनेक्शनचं नाव, यूझरचं आहे का सिस्टमचं, 32 का 64 आणि ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) कुठला ते समोर येईल. फक्त हे प्रोग्रॅम ज्या लॉगिनवर चालतो त्याच लॉगिनमधनं करा, दुसऱ्या लॉगिनचं यूझर डीएसएन इथं दिसणार नाही.

सर्व्हर आणि डेटाबेसचं नाव अॅट्रिब्यूट या खान्यात असतं, पण ते दाटीवाटीत येतं. मग त्याच कमांडला हायफन नेम लावून तुमच्या कनेक्शनचं नाव द्या, सगळी कमांड कंसात घाला आणि कंसाबाहेर टिंब देऊन अॅट्रिब्यूट लिहा, एकेक सेटिंग वेगळ्या ओळीत येईल. ते कागदावर उतरवून घ्या. एक्सेलसाठी सीएसव्ही करायला जाऊ नका, त्या खान्यात खऱ्या माहितीऐवजी नुसतं डेटाच्या प्रकाराचं नाव येऊन बसतं.

विंडोज 7 असेल तर ही कमांड नाही, तेव्हा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सेटिंग जिथं साठवलेली असतात तिथं, लोकल मशीनच्या सॉफ्टवेअरखाली ओडीबीसी आणि त्यात ओडीबीसी.आयएनआय बघा, 32 बिटवाल्यांचं वाव6432नोड या फोल्डरखाली असतं. आणि कुठंच काही नाही सापडलं तर प्रोग्रॅमच्याच फोल्डरमधली आयएनआय किंवा कॉन्फिग फाइल नोटपॅडमधे उघडा, काही प्रोग्रॅम डीएसएन न वापरता तिथंच सगळं लिहून ठेवतात.

आता पासवर्ड. सर्व्हर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर डीएसएनमधे पासवर्ड राहत नाही. ट्रस्टेड कनेक्शनपुढं येस दिसलं तर विंडोजच्या लॉगिनवरच काम चाललंय असं समजा, नाहीतर सर्व्हर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडनं पासवर्ड बदलून घ्या. मायएसक्यूएल असेल तर मात्र पासवर्ड उघडा दिसू शकतो, तेव्हा त्या स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका, माझी कळकळीची विनंती आहे. त्यात शेतकऱ्यांच्या पैशाचा हिशेब आहे.

नव्या मशीनवर आधी तोच ड्रायव्हर टाका, मग जुन्यावर होतं त्याच 32 किंवा 64 मधे त्याच नावानं डीएसएन बनवा, नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी प्रोग्रॅम ओळखणार नाही. नव्यावरनं एक पट्टी काढून जुन्या पट्टीशी आकडा न् आकडा ताडून बघा, तोवर जुना कॉम्प्युटर तिथंच राहू द्या.