मराठवाड्यात कोरडवाहू शेतीत पर्माकल्चर जमतं का, अन् शिकायचं कुठं?

पर्माकल्चर म्हणजे निसर्गाची रीत बघून पाणी, माती, झाडं, पिकं एकमेकांना धरून राहतील अशी मांडलेली शेती. जमतं हो, अन् आपल्याकडं त्याची गरज जास्तच आहे. जोराच्या पावसात रानात जा, पाणी कुठून पळतं ते बघा, तिथं उताराला आडवे चर काढा, बांधावर गिरीपुष्प, शेवगा, सीताफळ लावा, अन् सोयाबीनचं भुसकट पेटवू नका राव, जमिनीवर पसरा, ओल टिकते. सगळं रान एकदम बदलायचं नाही, एकच एकर धरा. लातूर-धाराशिवच्या बायकांनी स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेसोबत एका एकरात धान्य, डाळी, भाजीपाला मिसळून घेऊन दाखवलंय, घरचं भागवून उरलेलं विकतात, आधी त्यांच्याकडंच जाऊन शिका. कोर्सच करायचा असेल तर बीदरच्या पुढं झहीराबादजवळ अरण्य संस्थेचं फार्म आहे, पण माझ्या मते पहिलं शिक्षण स्वतःच्या बांधावरच होतं.