काळ्या मातीत घरापर्यंतच्या रस्त्याला सहा इंच खडी पुरेल का?

रस्त्याची मापं: लांबी ६० मीटर, रुंदी ३ मीटर, खाली काळी माती. ठेकेदार मातीवर थेट सहा इंच खडी टाकून रोलर फिरवू म्हणतोय. नाही पुरणार. खडी कमी पडते म्हणून नव्हे, तर पावसाळ्यात भिजलेली काळी माती चाकाच्या दाबाने खडीच्या फटींतून वर येते आणि दगड खाली बसतात. दोन पावसाळ्यांनी तिथे चिखलात रुतलेले दगड तेवढे उरतात.

आधी वरची १५ सेमी मुळांची माती काढा. मे महिन्यात भेगा पडल्या असतील तर तळ उकरून, हलकं पाणी मारून दाबून घ्या. यापेक्षा खोल खणून खडीने भरू नका. चारी बाजूंनी काळी माती असली की तो खड्डा हौद होतो, पाणी आत येतं पण बाहेर पडत नाही. या तळावर आधी मुरमाचा थर आणि त्यावर खडी टाकायची. रस्ता जमिनीपेक्षा वर हवा, आणि दोन्ही बाजूंच्या पाणी वाहून नेणाऱ्या चाऱ्या मुरमाच्या तळापेक्षा खोल.

मुरूम ४ मीटर रुंद, दाबून १५ सेमी. तो चारीपर्यंत न्यायचा, म्हणजे खडीत शिरलेलं पाणी बाजूने निघतं. सुटा मुरूम साधारण १६-१७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल, खडीच्या दोन्ही कडेच्या बाजूपट्ट्यांना आणखी ४. मुरूम ओला करून तळहातावर वळून पाहा. लांब वळी होत असेल तर त्यात माती जास्त आहे, ती गाडी परत पाठवा. उसाच्या ट्रॉल्या जाणार असतील तर हाच थर दुप्पट करा, दोन वेळा दाबून.

त्यावर ४५ ते ६३ मिमी खडीचा दाबून ७.५ सेमी थर आणि वर २२ ते ५३ मिमीचा तेवढाच. प्रत्येकी साधारण ६ ब्रास. शिवाय दर थराला ११ मिमीची बारीक खडी सव्वा ब्रास आणि बांधणीचा, म्हणजे फटी भरून दगड धरून ठेवणारा मुरूम अर्धा ब्रास. नदीतले गोटे स्वस्त मिळाले तरी नकोत, गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत.

खरी गडबड दबाईत होते. खडी आधी कोरडीच दाबायची, ८-१० टनी रोलरने, कडेकडून मध्याकडे. रोलरपुढे दगड सरकायचे थांबले की बारीक खडी पसरून झाडूने फटींत घालायची, पुन्हा रोलर. पाणी आणि मुरूम त्यानंतर. मजूर घाईत मुरूम आधी ओततात, मग दगडांमध्ये मातीची गादी राहते आणि पहिल्या पावसात रस्ता सुटतो. मध्यभाग कडेपेक्षा ४.५ सेमी उंच ठेवा, हा उतार मुरमाच्या थरापासूनच द्यायचा.

डंपर रिकामा होण्याआधी हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची सरासरी उंची फुटांत मोजा. गुणाकाराला १०० ने भागलं की ब्रास. पावतीवरच्या आकड्यापेक्षा हाच आकडा धरा.