मदुराईहून तंजावर एका दिवसात उरकता येईल का? देवळाशिवाय अजून काही आहे का तिथे? सोबत मुलं आहेत.

'उरकता' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. जाऊन येता येतं हो, पण एका बाजूचे साधारण १९० किमी आहेत, म्हणजे सात-आठ तास गाडीतच, आणि तुम्ही पोचेपर्यंत देऊळ दुपारचं बंद व्हायला आलेलं असतं, ते चारला उघडतं.

आम्ही हेच केलंय. आईबाबांना घेऊन टूर होती, रामेश्वर, मदुराई, तंजावर, थोरल्या दादाने बुक केलेली. बाबा मराठीचे शिक्षक, रिटायर झालेले. त्यांना सगळ्या टूरमध्ये एकच गोष्ट बघायची होती, तंजावरच्या त्या बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारातला मराठी शिलालेख. तंजावरचे मराठा राजे सरफोजी, त्यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे भिंतीवर कोरून घेतलाय, देवनागरीत, राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेल्या देवळात! टूरवाल्याने पन्नास मिनिटं दिली. त्यातली वीस चपला ठेवण्यात आणि रांगेत गेली, मग नंदीसमोर ग्रुप फोटो, आणि शिलालेखाचं विचारलं तर मॅनेजर म्हणाला असलं काही नाहीये इथे. बाबांनी स्वतःच फिरून नैऋत्येच्या बाजूला शोधून काढला. चष्मा पुसत चार ओळी वाचल्या असतील नसतील, दादा बोलवायला आला, "बाबा, लोक खोळंबलेत, फोटो काढून घ्या, घरी झूम करून वाचा." बाबा निघाले. मुक्कामाला पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या जानेवारीत मी त्यांना परत घेऊन गेले, आम्ही दोघंच, तीन रात्री तंजावरलाच. रोज सकाळी उजाडताच देवळात, ऊन चढेपर्यंत बाबा भिंतीपाशी वही घेऊन उभे. दुपारी राजवाडा. लोक हे विसरतात की तंजावर ही नुसती चोळांची राजधानी नाही, नायक राजांची आणि त्यांच्यानंतर व्यंकोजीराजांपासून (शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ) पावणेदोनशे वर्षांच्या आसपास भोसल्यांची पण आहे. वाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय बघाच, म्हणजे त्याचा म्युझियमचा भाग. मराठी पोथ्या, मोडीतले कागद कुठे सांभाळलेत ते कळलं की छाती भरून येते. तिथेच चोळांच्या ब्राँझच्या मूर्ती आहेत, एकेका नटराजासमोर अर्धा तास सहज जातो, आणि फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा.

एक अख्खा दिवस दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरमला द्या. दारासुरम कुंभकोणमला लागूनच आहे, तिथल्या चोळकालीन देवळातलं कोरीवकाम बारीक, मला तर तंजावरपेक्षा ते जास्त आवडलं. गंगैकोंडचोळपुरम ही राजेंद्र चोळाने वसवलेली नवी राजधानी, तिचं आता जवळपास देऊळच उरलंय, भोवती शेतं. येताना कुंभकोणमला डिग्री कॉफी, म्हणजे तिथली फिल्टर कॉफी. तिरुवैयारू तेरा-एक किमीवर, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी, संध्याकाळी होऊन जातं.

मुलांचं म्हणाल तर दुपारी अनवाणी दगडावर चालवू नका, खरोखर पाय भाजतात, मोजे ठेवा. पोंगलच्या सुमारास गेलात तर मट्टू पोंगलला, म्हणजे गाईबैलांच्या सणाला, नंदीला भाज्याफळांनी सजवतात, ते मुलांना आवडेल.

आणि खरंच एकच दिवस असेल तर पहाटे तीनला निघा, देऊळ आणि वाडा एवढंच करा, बाकी सोडा. दादा अजून म्हणतो की वयस्कर माणसांना घेऊन असंच फिरावं लागतं. मला पटत नाही. बाबांना त्रास चालण्याचा झाला नव्हता, घाईचा झाला होता. तो फोटो मी घरी झूम करून बघितलाय, अक्षरं फुटतात, एक ओळ सलग वाचता येत नाही.