डोक्याला मार, चाचणीत 26 गुण आणि तडजोडीची घाई

प्रश्न : दीड वर्षापूर्वी दुचाकीच्या अपघातात माझ्या पतीच्या (वय 38) डोक्याला गंभीर मार लागला. आता ते नीट चालतात, बोलतात. पण एकच बिल दोनदा चुकते करण्यासारख्या चुकांमुळे त्यांची हिशेबनिसाची खासगी नोकरी गेली. स्मरणशक्तीच्या चाचणीत 30 पैकी 26 गुण असल्याने अपंगत्व नाही, असे विमा कंपनीचे वकील म्हणतात. पती लोकअदालतीत तडजोडीस तयार आहेत. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : तडजोडीच्या पुरशिसीवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) तूर्त सही होऊ देऊ नका, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 नुसार लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील चालत नाही. स्वतःचे हित जपण्याइतकी समज पतींना उरली नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 15 चा आधार घेऊन चौकशीची आणि आपणांस वादमित्र (त्यांच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती) नेमण्याची विनंती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला करता येते.

30 गुणांची ती चाचणी म्हणजे निव्वळ चाळणी आहे. तारीख, वस्तूंची नावे, सोपी वजाबाकी यांत शिकलेला माणूस सहज तरून जातो. पण मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाल्यावर लक्ष टिकवणे, कामांचा क्रम लावणे आणि स्वतःची चूक ओळखणे कसे ढासळते, ते तिच्यात फारसे उमटत नाही. त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी, शक्यतो मराठीतून, करून घ्या आणि तुलनेसाठी पतींच्या गुणपत्रिका व नोकरीतील जुने शेरे सोबत न्या.

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात स्पष्ट केले आहे की, शरीराचे अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्यामुळे कमाईची क्षमता किती घटली, हे न्यायाधिकरणाने ठरवायचे असते. हात-पाय शाबूत असलेला हिशेबनीस हिशेबच करू शकत नसेल, तर त्याचे नुकसान मोठे आहे, असे माझे ठाम मत आहे. भरपाई काढताना वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ज्या आकड्याने गुणतात, तो गुणक अडतिसाव्या वर्षासाठी 15 आहे. पगार दरमहा 20,000 रुपये धरला, तर कमाईच्या क्षमतेतील प्रत्येक 10 टक्के घट 3,60,000 रुपयांची ठरते आणि पगारातील भावी वाढ त्याहून वेगळी.

अहवाल नुसता दाखल करून भागत नाही; तो देणाऱ्या तज्ज्ञाची साक्ष नोंदवावी लागते. चुकीच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या, अशा एका सहकाऱ्यालाही साक्षीला बोलवा. आपली स्वतःची साक्ष तर अत्यावश्यक आहे, कारण अशा इजेत आपले काही बिघडले आहे याची जाणीवच अनेकदा हरपते आणि उलटतपासात पती ‘मी ठणठणीत आहे’ असे प्रामाणिकपणे सांगून मोकळे होतील. विमा कंपनीने अहवालावर हरकत घेतली, तर पतींना सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे, असा अर्ज आपणच द्या.