गांजा, हरवलेली एकाग्रता आणि पोलिसांची भीती

"मुलाच्या बॅगेत पुडी सापडली. डॉक्टरकडे नेलं तर पोलीस केस होते का हो? आणि डोक्यावर कायमचा परिणाम झाला असेल का?" ठाणे शहरात आमच्याकडे समुपदेशनासाठी येणारे आईवडील हे दोन्ही प्रश्न बहुतेक वेळा एका दमातच विचारतात. पहिल्या प्रश्नाच्या धास्तीने कित्येक घरं सहा-सहा महिने गप्प बसतात आणि तेवढ्या काळात दुसरा प्रश्न जास्त गंभीर होत जातो.

हे एक उदाहरण, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. मुलाला निखिल म्हणू. वय २०, घर ऐरोलीला, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, दोन विषयांत केटी, म्हणजे नापास. आईची तक्रार अशी की आत्ता सांगितलेलं पाच मिनिटांत विसरतो, पुस्तक उघडून एकाच पानावर तासभर बसतो. वडिलांनी कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्राची गाडी बोलावून त्याला उचलून न्यायचं ठरवलं होतं. ते आधी थांबवलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाशी निगडित मानसिक त्रासालाही लागू होतो. स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान माणसाला केवळ घरच्यांच्या सांगण्यावरून त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करता येत नाही. शिवाय नुसत्या गांज्याच्या बहुतेक केसेस घरी राहून, ओपीडीतल्या उपचारांवर सुटतात.

"का ओढतोस?" हा प्रश्न घरात शंभरदा विचारून झालेला असतो, त्यातून काही निघत नाही. आम्ही विचारतो ते असं: कधीपासून, दिवसाला किती, कशात मिसळून, उठल्यावर पहिला जॉइंट (गांज्याची सिगरेट) किती वेळाने, एकट्याने की मित्रांबरोबर. निखिलने सतराव्या वर्षी शनिवार-रविवारपुरतं सुरू केलेलं. गेलं वर्षभर रोज तीन जॉइंट, प्रत्येकात अर्ध्या सिगरेटची तंबाखू. तंबाखूचा प्रश्न विचारायला विसरलं की पुढे सगळं फसतं, कारण मुलगा एक नव्हे, दोन गोष्टी सोडत असतो. गांज्याचा वापर मोजणाऱ्या आठ प्रश्नांच्या 'क्युडिट-आर' या प्रश्नावलीत ८ गुणांपासून पुढे वापर धोक्याचा आणि १२ पासून पुढे व्यसनाची शक्यता धरतात. त्याचे १९ आले.

मग स्मरणशक्ती. गांज्यातला टीएचसी हा घटक मेंदूतल्या सीबी-१ ग्राहींना (पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांना) चिकटतो, आणि हे ग्राही नव्या आठवणी बांधणाऱ्या हिपोकॅम्पसमध्ये आणि लक्ष व नियोजन सांभाळणाऱ्या पुढच्या भागात भरपूर असतात. म्हणून जुनं सगळं आठवतं, पण आज वाचलेलं टिकत नाही. रोजच्या वापराने हे ग्राही कमी होतात. बंद केल्यावर साधारण चार आठवड्यांत ते पूर्ववत होताना मेंदूच्या स्कॅनवर दिसलेले आहेत.

कायमच्या नुकसानीबद्दल मात्र नेमकं बोलायला हवं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ जणांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यात पौगंडावस्थेत सुरू करून पुढे कित्येक वर्षं व्यसन टिकलेल्यांचा बुद्ध्यांक सुमारे आठ गुणांनी घसरलेला दिसला. पुढे जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनी यावर आक्षेप घेतले. घसरणीत घरच्या परिस्थितीचाही वाटा असू शकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे निखिलच्या आईला "काहीच होत नाही" असंही सांगितलं नाही आणि "मेंदू गेला" असंही नाही. त्याचं आज नेमकं किती बिघडलंय ते मोजू, असं ठरलं.

मोजणी ओढल्याच्या दिवशी करायची नाही, नाहीतर आकडा नशेचा येतो. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची आणि अर्ध्या तासाने विचारायची. आकडे सुलट आणि उलट म्हणायला लावायचे. निखिलला अर्ध्या तासाने पाच शब्द आठवले. झोप, नैराश्य, लहानपणापासूनची चंचलता हेही तपासलं, कारण अभ्यासातली प्रत्येक घसरण गांज्याच्या नावावर घातली की खरं दुखणं राहून जातं. कानात आवाज येणं किंवा कुणी पाळतीवर आहे असं वाटणं, किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असणं, यांपैकी काही असतं तर थांबायचं नव्हतं, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे.

"पण कॅनडात तर लीगल आहे," हा त्याचा युक्तिवाद. तिथे २०१८ पासून कायदेशीर आहे हे खरं. पण त्याच कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने २०२० साली वयोमर्यादा १८ वरून २१ केली, वाढत्या मेंदूचं कारण देऊन. हे ऐकून तो पहिल्यांदा नीट बोलायला लागला.

आपल्याकडचा कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस, केंद्राचा अमली पदार्थविरोधी कायदा. गांजाची 'अल्प मात्रा' १ किलोपर्यंत, चरसची १०० ग्रॅमपर्यंत. मुलं याचा अर्थ "एवढं चालतं" असा काढतात, तो साफ चुकीचा आहे. अल्प मात्रा जवळ बाळगली तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; नुसतं सेवन केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, तितकाच दंड किंवा दोन्ही. भांगेची पानं केंद्राच्या या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, पण महाराष्ट्रात राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय तीही चालत नाहीत. निखिल मित्रांसाठी माल आणून यूपीआयवर पैसे घ्यायचा. ही विक्री ठरते आणि पुरावा फोनमध्ये पडून राहतो. ते त्याच आठवड्यात बंद करायला लावलं.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या, अथवा त्यांची मान्यता असलेल्या रुग्णालयात स्वतःहून उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, म्हणून प्रत्येक भेटीचा केसपेपर जपून ठेवायचा. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय असते. उपचाराला गेलात म्हणून केस होत नाही. विचारायचंच असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची हेल्पलाइन आहे.

सोडण्याची तारीख त्याने स्वतः निवडली, परीक्षेपासून दूरची. गांजा सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, घाम, भूक जाणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात कळस होतो. झोपेची तक्रार आणि विचित्र ठसठशीत स्वप्नं आणखी काही आठवडे रेंगाळतात. हे आईवडिलांना आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी घरात भांडण पेटतं आणि मुलगा पुन्हा ओढतो. यावर मान्यताप्राप्त असं खास औषध नाही. झोपेची गोळी मनाने द्यायची नाही. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, रोज उठायची वेळ एकच, संध्याकाळी पामबीच रस्त्यावर ४० मिनिटं जलद चालणं. तंबाखूच्या तलफेसाठी डॉक्टरांना विचारून २ मिलिग्रॅमची निकोटीन च्युइंग गम.

तिसऱ्या आठवड्यात तो एकदा घसरला. कॉलेज सुटल्यावरचा साडेपाच ते सातचा वेळ, तोच कट्टा, तीच मुलं. आम्ही निश्चय वाढवायला सांगितलं नाही, वेळ बदलायला सांगितला: पावणेसहाचा क्लास लावला आणि ऐरोलीला न उतरता थेट ठाण्याला जायचं ठरलं.

शेवटच्या जॉइंटनंतर चार आठवड्यांनी पुन्हा मोजलं, शब्दांची यादी मात्र नवी, नाहीतर पाठांतराचे गुण मिळतात. अकरा शब्द आठवले. उलटे आकडे जेमतेम एकाने सुधारले. लक्ष टिकण्याची तक्रार अजून आहे आणि तिची वेगळी तपासणी सुरू आहे.

दरम्यान वडिलांनी मेडिकलमधून लघवी तपासणीचं किट आणलं, शेवटच्या जॉइंटनंतर विसाव्या दिवशी ते पॉझिटिव्ह आलं आणि घरात "खोटारडा" हा शब्द निघाला. टीएचसी चरबीत साठतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष बंद केल्यावर महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस सापडू शकतात. चाचणी करायचीच तर सहा आठवड्यांनंतर, त्याला आधी सांगून आणि पॉझिटिव्ह आली तर काय करायचं हे दोघांनी बसून ठरवल्यावर.